मौखिक प्रसिद्धी आणि स्त्री-पुरुषभेद : एका संशोधनपरंपरेचा इतिहास

१

वस्तूचा खप वाढविण्याची जी साधने व्यापाऱ्यापाशी असतात, त्यांत एक साधन असे आहे की ते सर्वस्वी त्याच्या स्वाधीन कधीच नसते. ते म्हणजे एका ग्राहकाने दुसऱ्याजवळ काढलेला शब्द. जाहिरातीची जागा विकत घेता येते, विक्रेता पगारावर ठेवता येतो. परंतु शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिलेला हवाला असा सहजासहजी विकत मिळत नाही, आणि म्हणूनच ऐकणाऱ्याला तो अधिक विश्वसनीय वाटतो. कर्णोपकर्णी होणाऱ्या या प्रसाराला येथे ‘मौखिक प्रसिद्धी’ असे म्हटले आहे. विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकापासून अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञांनी व बाजारपेठेच्या अभ्यासकांनी या प्रसिद्धीचे पद्धतशीर संशोधन केले. त्या संशोधनाच्या आधाराने एक समजूत विक्रीशास्त्रात हळूहळू दृढ होत गेली. सांगोवांगीचा परिणाम स्त्रियांवर अधिक होतो, पुरुष मात्र गुणावगुण पाहून स्वतःच्या विचाराने खरेदी करतो, अशी ती समजूत होय.

या समजुतीच्या मुळाशी कोणता पुरावा आहे, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. समजूत सर्वथैव निराधार आहे असे येथे प्रतिपादन करावयाचे नाही. स्त्री-पुरुषांच्या प्रतिसादात काही प्रसंगी खराच फरक आढळला आहे. परंतु या परंपरेतील प्रमुख अभ्यास एकाशेजारी एक ठेवून वाचले असता एक गोष्ट ठळकपणे लक्षात येते. एकाच वस्तूविषयी एकच प्रश्न स्त्रियांना आणि पुरुषांना आरंभीच्या काळात क्वचितच विचारला गेला. स्त्रियांना किराणा, वेशभूषा आणि चित्रपट यांविषयी विचारले गेले. पुरुषांना बियाणे आणि औषधे यांविषयी. दोहोंच्या बोलण्याला शास्त्रात नावेही वेगवेगळी मिळाली. तेव्हा जो भेद ग्राहकाच्या स्वभावात असल्याचे मानले गेले, त्यातील किती भाग संशोधनाच्या मांडणीतून आला, हा प्रश्न उपस्थित होतो. भाषेच्या अभ्यासकाला त्यात विशेष स्वारस्य आहे, कारण मांडणीचा मोठा भाग शब्दांनीच बनलेला असतो.

२

अमेरिकन विक्रीशास्त्रात ग्राहक ही व्यक्ती या संशोधनाच्या आधीच स्त्री ठरून गेली होती. ख्रिस्टीन फ्रेडरिक यांचा १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘सेलिंग मिसेस कन्झ्यूमर’ हा ग्रंथ आपल्या नावातच ग्राहकाला विवाहित स्त्री करून टाकतो. इंग्रजी नामांना व्याकरणिक लिंग नसल्यामुळे ग्राहकासाठी स्त्रीवाचक सर्वनाम योजणे ही लेखकाची निवड असते. व्यापारी लेखनात ती निवड इतकी अंगवळणी पडली की ती निवड आहे, हेच वाचकाला जाणवेनासे झाले.

मराठीची स्थिती निराळी आहे. आपल्याकडे ‘ग्राहक’ पुल्लिंगी, ‘गिऱ्हाईक’ नपुंसकलिंगी आणि ‘गृहिणी’ स्त्रीलिंगी. त्यामुळे इंग्रजी विक्रीशास्त्रातील एखादे विधान मराठीत उतरते तेव्हा खरेदी करणारी स्त्री एकतर व्याकरणात पुरुष होते, किंवा ‘गृहिणी’ या शब्दाबरोबर बाजारातून घरात परत जाते. पाश्चात्त्य ग्रंथांचे निष्कर्ष मराठी पाठ्यपुस्तकांत वाचताना हा फरक ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. ‘ग्राहकावर मौखिक प्रसिद्धीचा परिणाम होतो’ या निर्विकार दिसणाऱ्या वाक्यामागे पुष्कळदा केवळ स्त्रियांच्या मुलाखती असतात.

या संशोधनपरंपरेचे प्रमुख प्रवर्तक पॉल लाझार्सफेल्ड हे मूळचे व्हिएन्नाचे. तेथे असतानाच त्यांनी खरेदीच्या मानसशास्त्राचा अभ्यास आरंभिला होता. १९३३ मध्ये ते अमेरिकेत आले आणि १९३५ मध्ये त्यांनी ‘का’ हा प्रश्न विचारण्याच्या कलेवर एक निबंध लिहिला. त्यातील विचार थोडक्यात असा सांगता येईल : ‘ही वस्तू तुम्ही का घेतलीत?’ असे विचारल्यास एक जण वस्तूचा गुण सांगतो, दुसरा कोणी सुचविले ते सांगतो, तिसरा आपली गरज सांगतो. तिघांचीही उत्तरे खरी असतात, पण ती एकाच प्रश्नाची उत्तरे नसतात. म्हणून प्रश्नकर्त्याने आपल्या प्रश्नात कोणकोणते प्रश्न दडले आहेत ते आधी वेगळे केले पाहिजेत. लाझार्सफेल्ड यांच्याच परंपरेने घडविलेल्या समजुतीची पारख करण्यास हा निकष पुरेसा आहे.

३

पुरुषांच्या बाजूचा पहिला मोठा अभ्यास शेतीच्या क्षेत्रात झाला. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी १९४३ मध्ये आयोवा राज्यातील दोन शेतकरी वस्त्यांत मक्याच्या संकरित बियाण्याचा प्रसार कसा झाला, याचे विवेचन प्रसिद्ध केले. त्यांच्या विश्लेषणात २५९ शेतकरी होते. १९२८ ते १९४१ या अवधीत त्यांतील दोघे वगळता सर्वांनी नवे बी स्वीकारले होते. बियाण्याची पहिली वार्ता बहुधा कंपनीच्या विक्रेत्याकडून मिळाली. परंतु ते पेरावे की नाही याचा निर्णय करताना सर्वांत अधिक वजन पडले ते शेजाऱ्याच्या शब्दाचे. ऐकल्यापासून स्वीकारीपर्यंत सरासरीने सुमारे नऊ वर्षे गेली. हाती असलेल्या जाहिरातीने जे झाले नाही, ते बांधावरच्या बोलण्याने झाले, असा या अभ्यासाचा मथितार्थ आहे.

येथे एक गोष्ट सहज नजरेआड होते. संकरित मक्याचे पीक बी म्हणून राखून ठेवले तर पुढच्या पिढीत त्याचा जोम टिकत नाही. म्हणून बी दर हंगामाला विकत घ्यावे लागते. म्हणजे जो शेतकरी पूर्वी आपल्याच कणसांतून बी राखीत असे, तो या बियाण्यामुळे कायमचा ग्राहक झाला. रायन व ग्रॉस यांच्या अभ्यासाचा विषय वस्तुतः ग्राहकाने ग्राहकाचे ऐकून केलेली खरेदी हाच होता. तथापि शास्त्रात या शेतकऱ्याला ग्राहक हे नाव मिळाले नाही. तो ‘स्वीकारकर्ता’ झाला, त्याची खरेदी ‘नवोपक्रमाचा स्वीकार’ झाली, आणि त्याच्या शेजाऱ्याशी झालेल्या बोलण्याला ‘प्रसरण’ ही पदार्थविज्ञानाला शोभेल अशी संज्ञा लाभली. एव्हरेट रॉजर्स यांच्या १९६२ मधील ग्रंथाने ही परिभाषा जगभर रूढ केली.

दुसरे उदाहरण डॉक्टरांचे. १९५४ मध्ये इलिनॉय राज्यातील चार शहरांत एका नव्या प्रतिजैविकाचा प्रसार डॉक्टरांमध्ये कसा होतो, याची पाहणी झाली. जेम्स कोलमन, एलिहू कॅट्झ व हर्बर्ट मेंझेल यांनी ती केली आणि तिचा खर्च एका औषध-कंपनीने सोसला. तिचे निष्कर्ष १९५७ मध्ये निबंधरूपाने आणि १९६६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. विश्लेषणासाठी घेतलेल्या १२५ डॉक्टरांना तीन गोष्टी विचारण्यात आल्या : सल्ल्यासाठी आपण कोणाकडे वळता, रुग्णांविषयी चर्चा कोणाशी करता, आणि मित्र म्हणून कोणाला भेटता. ज्यांचे समव्यवसायी मंडळींशी संबंध दाट होते, त्यांनी नवे औषध लवकर लिहून देण्यास आरंभ केला, असे त्यांना आढळले. ‘सल्ला’, ‘चर्चा’ आणि ‘मैत्री’ ही प्रश्नांतील पदे लक्षात घेण्याजोगी आहेत. डॉक्टर दुसऱ्याच्या सांगण्याला वश झाला, असा अर्थ या निष्कर्षातून कोणी काढला नाही. व्यावसायिक बंधुत्वातून ज्ञान पसरले, असाच तो वाचला गेला.

या प्रकरणाला पुढे अनपेक्षित वळण मिळाले. क्रिस्टोफ व्हान डेन बुल्ट आणि गॅरी लिलियन यांनी २००१ मध्ये हीच सामग्री पुन्हा तपासली आणि औषध-कंपन्यांच्या विक्रीप्रयत्नांचा हिशेब तीत धरला. तेव्हा डॉक्टरांच्या परस्परसंबंधांना दिलेला परिणाम दिसेनासा झाला. चार दशकांहून अधिक काळ जे समव्यवसायी विचारविनिमयाचे फळ मानले गेले होते, त्याचे स्पष्टीकरण कंपन्यांच्या प्रचारानेही होऊ शकत होते. पुरुष आपल्या विचाराने चालतो या कल्पनेला याच्याइतका मार्मिक छेद देणारे उदाहरण दुसरे क्वचितच आढळेल.

४

या दोन अभ्यासांच्या मध्ये डेकेटरचा अभ्यास येतो. लाझार्सफेल्ड आणि त्यांचे सहकारी यांनी १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत ओहायो राज्यातील एका जिल्ह्याची पाहणी केली होती. वृत्तपत्रे व नभोवाणी यांचा प्रभाव मतदारांवर थेट न पडता काही जाणत्या व्यक्तींच्या द्वारे इतरांपर्यंत पोहोचतो, अशी कल्पना त्या पाहणीतून निघाली. या व्यक्तींना येथे ‘मतधुरीण’ म्हणू. ही कल्पना दैनंदिन जीवनात कितपत टिकते हे पाहण्यासाठी १९४५ मध्ये इलिनॉय राज्यातील डेकेटर हे सुमारे ६०,००० वस्तीचे शहर निवडण्यात आले. क्षेत्रकार्याची देखरेख सी. राइट मिल्स यांच्याकडे होती. ८०० स्त्रियांच्या त्या उन्हाळ्यात दोन वेळा मुलाखती झाल्या. घरगुती खरेदी, वेशभूषा, चित्रपट आणि सार्वजनिक प्रश्न ही चार क्षेत्रे ठरविण्यात आली. दहा वर्षांनी, १९५५ मध्ये, कॅट्झ व लाझार्सफेल्ड यांच्या ‘पर्सनल इन्फ्लुअन्स’ या ग्रंथात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

पाहणी केवळ स्त्रियांची का झाली, याचे उत्तर सिद्धान्तात शोधून सापडणार नाही. ते तिच्या अर्थव्यवस्थेत आहे. पाहणीला द्रव्यसाहाय्य मिळाले ते मॅक्फॅडन या नियतकालिक-प्रकाशन संस्थेकडून. तिच्या ‘ट्रू स्टोरी’ या मासिकाचा वाचकवर्ग प्रामुख्याने श्रमिक कुटुंबांतील स्त्रियांचा होता. मत घडविणाऱ्या स्त्रिया केवळ वरच्या थरात नसून प्रत्येक सामाजिक थरात असतात, असे सिद्ध झाले असते तर जाहिरातदारांपुढे त्या मासिकाचे महत्त्व वाढणार होते. प्रश्न कोणी विचारला, हे प्रश्न कोणाला विचारला गेला यावरून कळते, ते असे.

निष्कर्ष मात्र विक्रीशास्त्रातील पुढच्या समजुतीपेक्षा पुष्कळच सूक्ष्म आहेत. एका क्षेत्रातील मतधुरीण स्त्री दुसऱ्या क्षेत्रातही मतधुरीण असतेच असे नाही. घरगुती खरेदीत मोठ्या कुटुंबाच्या गृहिणीचा शब्द चालतो, कारण अनुभव तिच्यापाशी असतो. वेशभूषा व चित्रपट यांत तरुण अविवाहित मुलींचे वजन अधिक. सार्वजनिक प्रश्नांत सामाजिक दर्जाला महत्त्व येते, आणि तेथे स्त्रियांवर प्रभाव पाडणाऱ्यांत पती व पिता ठळकपणे दिसतात. म्हणजे एकच स्त्री कॉफीविषयी सल्ला देते, टोपीविषयी धाकट्या बहिणीचे ऐकते आणि राजकारणाविषयी घरातील पुरुषाचे ऐकते. ऐकण्याची प्रवृत्ती हा तिचा स्थायी गुण आहे, असे यातून निघत नाही. ज्या विषयाचा अनुभव ज्याच्यापाशी असल्याचे मानले जाते, त्याच्याकडे शब्दाचा ओघ वळतो, एवढेच निघते. ग्रंथकर्त्यांनी या स्त्रियांसाठी ‘नेतृत्व’ हा शब्द योजला, हेही त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

परंतु या पाहणीत पुरुषांचा समांतर गट नव्हता. डेकेटरच्या पुरुषांना दाढीचा साबण, तंबाखू किंवा मोटारीचे टायर कोणाचे ऐकून बदलले, असे कोणी विचारले नाही. हाच कॅट्झ पुढे याच राज्यात डॉक्टरांच्या पाहणीत सहभागी होता. तेथे समांतर गट म्हणून स्त्रिया घेण्याचे कारण पडले नाही. दोन्ही पाहण्यांत माणसे परस्परांचे ऐकून वस्तू निवडीत होती. एका पाहणीतून ‘गृहिणींवरील वैयक्तिक प्रभाव’ हे प्रकरण झाले, दुसरीतून ‘वैद्यकीय नवोपक्रम’ हा ग्रंथ झाला. टॉड गिटलिन यांनी १९७८ मध्ये डेकेटरच्या अभ्यासावर टीका करताना साबणाची निवड आणि सार्वजनिक प्रश्नावरील मत यांना एकाच मापाने मोजण्यावर आक्षेप घेतला. त्या टीकेला एक पुस्ती जोडता येईल. साबण आणि बियाणे यांना मात्र एकाच मापाने मोजता आले असते, आणि तेवढेच मोजले गेले नाही.

महाराष्ट्रातही या परंपरेची एक शाखा पोहोचली होती. लाझार्सफेल्ड यांच्याच परंपरेतील व्हिएन्नाचे पॉल नॉयराट यांनी १९५६ मध्ये पुणे नभोवाणी केंद्राच्या परिसरात झालेल्या शेतकरी श्रोतृमंडळांच्या प्रयोगाचे मूल्यमापन केले. युनेस्कोच्या साहाय्याने झालेल्या या प्रयोगात तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे १५० गावे होती. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, मग त्यावर चर्चा करावी, अशी योजना होती. ज्या गावांत मंडळे होती तेथे माहितीची वाढ लक्षणीय झाली. म्हणजे ध्वनिक्षेपकापेक्षा त्यानंतरच्या बोलण्याचे सामर्थ्य येथेही प्रत्ययास आले. या मंडळांत बसणारे प्रामुख्याने पुरुष होते, आणि त्यांच्या बोलण्याला ‘चर्चा’ हेच नाव होते.

५

बोलण्याला कोणते नाव मिळते, हा येथे गौण प्रश्न नाही. इंग्रजीतील ‘गॉसिप’ या शब्दाचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. मूळ जुन्या इंग्रजीत तो बाप्तिस्म्याच्या नात्याने जोडलेल्या आप्ताचा वाचक होता, आणि तो स्त्री-पुरुष दोघांनाही लागू होता. पुढे तो जिवलग मैत्रिणीला, विशेषतः बाळंतपणाच्या वेळी जमणाऱ्या स्त्रियांना लावण्यात येऊ लागला. त्यानंतर त्याचा अर्थ अशा स्त्रियांचे बोलणे, आणि अखेर रिकामे, परनिंदापर बोलणे असा झाला. स्त्रियांच्या वाट्याला येत गेला तसतसा शब्द खाली उतरत गेला.

मराठीतही बोलण्याच्या जागा आणि नावे वाटून दिलेली दिसतात. पार आणि चावडी पुरुषांची, पाणवठा स्त्रियांचा. पारावर ‘खल’ होतो, ‘मसलत’ होते, फार तर ‘गप्पा’ रंगतात. पाणवठ्यावर ‘कुजबुज’ होते, ‘चहाड्या’ होतात. ‘चकाट्या पिटणे’ हा शब्दप्रयोग रिकामटेकड्या पुरुषांनाही लावतात हे खरे. पण त्यात वेळ फुकट घालविल्याचा दोष आहे, विश्वासघाताचा नाही. कोणती विहीर आटली, कोणत्या दुकानात माप खरे, कोणत्या वैद्याचा हात गुणाचा, ही माहिती दोन्ही ठिकाणी सारखीच वाहत असते. तिच्या मूल्यात नसलेला भेद नावात मात्र असतो.

भाषाशास्त्रही या दोषापासून मुक्त राहिलेले नाही. ऑटो येस्पर्सन यांनी १९२२ मधील आपल्या भाषाविषयक ग्रंथात स्त्रीच्या भाषेवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले; पुरुषाच्या भाषेवर तसे प्रकरण नाही. पुरुषाची भाषा हीच भाषा, आणि स्त्रीची भाषा ही तिच्यातील एक विशेष, असा त्या रचनेचा अर्थ होतो. या दृष्टीला उत्तर मिळावयास बराच काळ जावा लागला. डेबोरा कॅमेरॉन यांनी १९९७ मध्ये काही अमेरिकन महाविद्यालयीन तरुणांच्या संभाषणाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. अनुपस्थित व्यक्तींच्या कपड्यांविषयी व वागण्याविषयी ते तरुण ज्या रीतीने बोलत होते, ती रीत स्त्रियांची म्हणून वर्णिलेल्या गप्पांच्या रीतीशी सर्व लक्षणांनी जुळणारी होती. अशा बोलण्याला ते तरुण गप्पा म्हणत नव्हते, इतकेच.

व्यापारी लेखनाने ही विभागणी जशीच्या तशी उचलली. विल्यम व्हाइट यांचा १९५४ मधील ‘फॉर्च्यून’ मासिकातील लेख याचे चांगले उदाहरण आहे. फिलाडेल्फियातील एकसारख्या घरांच्या एका वस्तीत वातानुकूलन-यंत्रे विखुरलेली नसून पुंजक्यापुंजक्यांनी बसविलेली होती. एका गल्लीत अनेक, तर शेजारच्या तशाच गल्लीत तुरळक. उत्पन्नाने किंवा घराच्या रचनेने याचा उलगडा होत नव्हता. मागच्या अंगणांतून चालणाऱ्या शेजारधर्माने होत होता. हे निरीक्षण अस्सल आहे. परंतु आयोवातील शेतांचा नकाशा असाच काढला असता, तर त्यातही असेच पुंजके दिसले असते. त्यांना तेथे कोणी अंगणातल्या गप्पा म्हटले नसते.

६

स्त्रियांच्या बोलण्याला व्यापाराने एकदा नाव दिले, की त्याचा उपयोग करून घेणे ही पुढची पायरी होती. अर्ल टपर यांची प्लॅस्टिकची हवाबंद भांडी दुकानांत फारशी खपत नव्हती, कारण झाकण बसविण्याची युक्ती दाखविल्यावाचून तिचा गुण कळत नसे. ब्राउनी वाइझ यांनी ही भांडी घरगुती मेळाव्यांतून विकून दाखविली. १९५१ मध्ये टपर यांनी माल दुकानांतून काढून घेतला आणि विक्रीची सर्व व्यवस्था वाइझ यांच्याकडे सोपविली. १९५४ मध्ये ‘बिझनेस वीक’च्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र आले, तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत. १९५८ मध्ये टपर यांनी त्यांना कामावरून दूर केले.

ही पद्धती स्त्रियांच्या भोळेपणावर उभी होती, असे वरवर पाहता वाटते. तिची यंत्रणा पाहिली असता वेगळे दिसते. यजमानीण आपल्या घरी मैत्रिणींना बोलावी, चहाफराळ करी आणि विक्रीच्या प्रमाणात तिला भेटवस्तू मिळे. आलेल्या पाहुणीपुढे भांड्याच्या उपयुक्ततेचा एक प्रश्न असे, आणि यजमानणीचा मान राखण्याचा दुसरा. जोनाथन फ्रेन्झेन व हॅरी डेव्हिस यांनी १९९० मध्ये अशाच घरगुती विक्रीमेळाव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यजमानणीशी असलेले नाते जितके दृढ, तितकी काहीतरी खरेदी होण्याची शक्यता अधिक, असे त्यांना आढळले. म्हणजे येथे मन वळविण्यापेक्षा परतफेडीचा भाग मोठा होता. हळदीकुंकवाचे किंवा भिशीचे व्यवहार जवळून पाहिलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. खरेदी झाली म्हणजे मत बदलले, हे अनुमान अशा ठिकाणी फसवे ठरते.

७

स्त्रिया अधिक सहज वश होतात या समजुतीला मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतूनही पाठबळ मिळाले. व्यक्तिमत्त्व आणि मनवळवणूक यांविषयी कार्ल हॉव्हलंड व अर्व्हिंग जॅनिस यांनी संपादिलेला ग्रंथ १९५९ मध्ये निघाला. त्यातील निष्कर्षांवरून स्त्रियांची अधिक वश्यता पाठ्यपुस्तकांत शिरली. १९७१ मध्ये फ्रँक सिस्ट्रंक व जॉन मॅक्डेव्हिड यांनी या निष्कर्षाची एक साधी कसोटी घेतली. प्रश्नांचे विषय त्यांनी तीन प्रकारचे निवडले : पुरुषांना परिचित, स्त्रियांना परिचित आणि दोघांनाही सारखे. पुरुषांच्या परिचयाच्या विषयांत स्त्रिया बहुमताला अधिक झुकल्या; स्त्रियांच्या परिचयाच्या विषयांत पुरुष झुकले. अपरिचित वाटेवर माणूस दुसऱ्याला विचारतो, हा डेकेटरच्या पाहणीचाच धडा येथे प्रयोगाने मिळाला.

१९८१ मध्ये अ‍ॅलिस ईगली आणि लिंडा कार्ली यांनी तोवरचे असे अनेक प्रयोग एकत्र करून त्यांचा संकलित हिशेब मांडला. सरासरीने स्त्रियांच्या बाजूला वश्यतेचे पारडे थोडे झुकते, पण ते अल्प प्रमाणात, असे त्यांना दिसले. त्याहून महत्त्वाचे निरीक्षण असे की, हा भेद पुरुष संशोधकांच्या निबंधांत अधिक आढळतो आणि स्त्री संशोधकांच्या निबंधांत जवळजवळ आढळत नाही. हेतुपुरस्सर लबाडीचा आरोप येथे संभवत नाही. विषयाची निवड, प्रश्नाची शब्दयोजना आणि कोणता निष्कर्ष प्रसिद्धीस योग्य समजावयाचा याचा निर्णय, या तिन्ही ठिकाणी संशोधकाचा स्वतःचा अनुभव नकळत काम करीत असतो.

बाजारपेठेच्या संशोधनात मात्र जुनी रीत चालूच राहिली. योहान आर्न्ट यांचा १९६७ मधील निबंध मौखिक प्रसिद्धीच्या अभ्यासात आधारभूत मानला जातो. अनुकूल शब्दाने नव्या खाद्यवस्तूची खरेदी वाढते आणि प्रतिकूल शब्दाने ती घटते, हे त्यात दाखविले आहे. ही पाहणी विवाहित विद्यार्थ्यांच्या एका वसाहतीतील पत्नींची होती. तिचे निष्कर्ष ‘ग्राहक’ या सर्वसामान्य नावाने उद्धृत होतात. अशा रीतीने एकीकडे स्त्रियांचे उत्तर सर्व ग्राहकांचे म्हणून सांगितले गेले, आणि दुसरीकडे स्त्रियांची उत्तरे विपुल आहेत म्हणून सांगोवांगी हा स्त्रियांचाच विषय ठरला. हे दोन निष्कर्ष एकमेकांशी विसंगत आहेत. तरीही ते एकाच पाठ्यपुस्तकात सुखाने नांदू शकतात, कारण दोहोंच्या मुळाशी असलेली निवड वाचकाला दिसत नाही.

आता जेथे समान प्रश्न विचारले गेले, अशा एका अलीकडच्या अभ्यासाचा निर्देश करणे न्याय्य ठरेल. एलेन गारबारिनो व मिखाल स्ट्राहिलेविट्झ यांनी २००४ मध्ये संगणकाच्या द्वारे होणाऱ्या खरेदीविषयी स्त्री-पुरुषांची तुलना केली. अशा खरेदीत स्त्रियांना धोका अधिक वाटतो, आणि मित्राने किंवा मैत्रिणीने एखाद्या विक्रीस्थळाची शिफारस केली असता हा धोका स्त्रियांच्या बाबतीत पुरुषांहून अधिक कमी होतो, असे त्यांना आढळले. हा भेद खरा आहे. परंतु तो धोक्याच्या जाणिवेला बांधलेला आहे. जेथे फसवणुकीची भीती अधिक, तेथे विश्वासू शब्दाची किंमत अधिक. आयोवातील शेतकऱ्याने संपूर्ण हंगाम पणाला लावण्यापूर्वी शेजाऱ्याचे शेत पाहिले, त्यामागेही हेच कारण होते.

८

या इतिहासातून मराठी प्रदेशात पाहणी करू इच्छिणाऱ्या अभ्यासकाला काही व्यावहारिक बोध घेता येईल. पहिला असा की, स्त्री-पुरुषभेदाविषयी विधान करावयाचे असेल तर वस्तू एकच हवी आणि प्रश्न एकच हवा. स्त्रियांना मसाल्याविषयी आणि पुरुषांना दुचाकीविषयी विचारून जो भेद मिळतो, तो मसाला आणि दुचाकी यांतील भेद असण्याची शक्यता अधिक. दुसरा असा की, ज्या गोष्टीचा अनुभव उत्तरदात्यापाशी किती आहे, तिची नोंद उत्तराबरोबरच झाली पाहिजे.

तिसरा बोध शब्दयोजनेचा आहे, आणि तो मराठीपुरता विशेष आहे. ‘याविषयी तुम्हांला कोण म्हणाला?’ या प्रश्नात क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे चालते. म्हणून सांगणारा पुरुष असल्याचे प्रश्नातच गृहीत धरले जाते. ‘याविषयी तुम्हांला कोणी सांगितले?’ या रचनेत क्रियापद कर्त्याला अनुसरत नाही, आणि सांगणाऱ्याचे लिंग मोकळे राहते. ‘कोणाचा सल्ला घेतलात?’ असे विचारल्यास पुष्कळ पुरुष ‘कोणाचाही नाही’ असे उत्तर देण्याचा संभव आहे, कारण सल्ला घेणे हे कमीपणाचे वाटू शकते. ‘कोणाशी बोलणे झाले होते?’ असे विचारल्यास त्याच पुरुषांना दोन-तीन नावे आठवतील. उलट ‘गप्पांत विषय निघाला होता का?’ हा प्रश्न स्त्रियांना सहज वाटेल आणि पुरुषांना अप्रस्तुत. तीन प्रश्नांतून तीन निराळे समाज निर्माण होतील, आणि प्रत्येकाला आकडेवारीचा आधारही असेल.

म्हणून प्रश्नावलीचा मसुदा करताना हे तिन्ही प्रकारचे प्रश्न स्त्री-पुरुष दोघांनाही विचारावेत, आणि उत्तरांत जेथे तफावत पडेल तेथे ती प्रथम शब्दाच्या खाती मांडावी. शब्दाचा हिशेब पुरता झाल्यावर जे शिल्लक उरेल, तेवढेच स्वभावभेद म्हणून नोंदविण्यास अभ्यासक अधिकारी ठरेल. डेकेटरच्या आठशे स्त्रियांनी आपापली उत्तरे प्रामाणिकपणे दिली होती. त्यांच्या शेजारी बसवून त्याच प्रश्नांची उत्तरे ज्यांच्याकडून घ्यावयास हवी होती, ते पुरुष त्या यादीत नव्हते. आणि यादीतील ती रिकामी जागा भरल्यावाचून तुलनेला प्रारंभ होऊ शकत नाही.